दाजींची आत्याबाई

बाई म्हणून कसं चालावं, कसं बसावं आणि दुसऱ्याच्या घरी गेल्यावर पाण्याचा तांब्या कसा हातात घ्यावा, हे पुरतेपणी कळलेला एकच माणूस मी सगळ्या नांदेड जिल्ह्यात पाहिला, आणि तो पुरुष होता. ते आमचे नणंदोई. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. मुखेडला बाजाराच्या वाटेवर त्यांचं लेडीज टेलरचं दुकान होतं. उंबऱ्याशी मशीन टाकून त्यांनी चाळीस वर्षं ब्लाऊज शिवले. पण ब्लाऊज हा जोडधंदा. त्यांचा खरा धंदा म्हणजे एका जुन्या विनोदी नाटकात आत्याबाई होणं. नाटकाचं नाव मी सांगत नाही. पुढं मी त्याचं जे केलं ते कळलं तर लिहिणाऱ्याच्या घरच्यांना वाईट वाटेल. गोष्ट एवढीच, की एका घरी लग्न जुळवायला म्हणून आत्याबाई आठ दिवसांसाठी येते आणि तिसरा अंक संपला तरी जात नाही. दाजी तरुण होते तेव्हा तालुक्याच्या गावी नाटकात काम करायला बाई मिळत नसे, आणि मिळाली तर तिच्या घरचे तयार होत नसत. म्हणून मिशी काढून हे उभे राहिले. ती मिशी त्यांनी पुन्हा ठेवली नाही.

माणूस भेटला की लोक तोंड बघतात, दाजी खांदे बघतात. माझ्या थोरल्या मुलाच्या लग्नात व्याह्यांशी ओळख करून दिली, तर हात जोडायच्या आधीच म्हणाले, "डावा खांदा उतरलाय तुमचा. सदरा कोण शिवतो?" त्या दिवसापासून व्याही फोटोत तिरके उभे राहतात. लग्नघरी नवरीला नऊवारी नेसवायची वेळ आली की बायका आधी आपसांत झटापट करत, मग कुणीतरी म्हणे, दाजीला बोलवा की. दाजी बंद दाराबाहेर उभे राहत आणि भिंतीकडं तोंड करून आतल्यांना सांगत, "आता पदर सोडा. निऱ्या नऊ घ्या, दहावी घेऊ नका. काष्टा कमरंला न्हाई, मणक्याला लागला पाहिजे." थोड्या वेळानं दार उघडे आणि नवरी अशी बाहेर येई की तिच्या आईला ओळखू येत नसे. बाजाराच्या दिवशी वांगी घेतानासुद्धा ते आत्याबाईच्या आवाजात भाव करत. माळवं विकणारी बाई त्यांना विचारी, "आत्याबाई, लग्न जुळलं का न्हाई अजून?" दाजी म्हणत, "जुळतंय की. वांग्यात किडे किती हायेत ते सांग आधी." आमच्या वन्सं, म्हणजे माझी नणंद आणि त्यांची बायको, म्हणायच्या, "माझं लग्न एकाशी लावून दिलं, नांदवायला दोघं निघाले. एक नवरा अन् एक त्याची आत्या."

आत्याबाई दुसऱ्या अंकात पहिल्यांदा येते. येते आणि काही बोलत नाही. आपली ट्रंक खोलीच्या मधोमध ठेवते, तिच्यावर बसते, चंचीतून सुपारी काढते आणि अडकित्त्यानं कातरत कातरत घरातल्या एकेकाचे पाय बघते. तोंड नाही, पाय. सगळ्यांचे बघून झाले की म्हणते, "चहा कुणी टाकणार असलं तर मी न्हाई म्हणत न्हाई." कुणालाही वाटेल की हशा या वाक्याला येत असेल. तसं नव्हतं. हशा वाक्याच्या आधी यायचा, नुसती सुपारी कातरताना, आणि इतका यायचा की दाजींना वाक्यासाठी ताटकळावं लागे. ते म्हणत, वाक्याला हसवणं हे लिहिणाऱ्याचं काम. त्याच्या आधीचं हसू आपलं.

पुढं दुकान बंद झालं आणि दाजी मुलाकडं नांदेडला राहायला आले. आम्हीही नांदेडातच, दोन गल्ल्या पलीकडं. इथल्या एका हौशी मंडळानं तेच नाटक बसवलं आणि दाजींना आत्याबाई दिली. पण आता त्यांचे कान गेले होते. कानाचं यंत्र होतं, पण रंगमंचावर ते शिट्टी मारी आणि लोकांना वाटे घरात कुकर लागलाय. यंत्र काढलं तर हशा ऐकू येईना. एका प्रयोगात हशा चालू असतानाच ते वाक्य बोलून मोकळे झाले आणि ते वाक्य कुणालाच ऐकू गेलं नाही. घरी येऊन म्हणाले, "हसू ऐकू येईना, मग थांबावं कुठं?" आणि स्वतःहून काम सोडलं.

मंडळाच्या दिग्दर्शकबाई कॉलेजात शिकवतात. चांगल्या आहेत. दाजी काम सोडल्याचं सांगायला गेले, तर त्यांनी चहा दिला आणि धीर द्यावा म्हणून बोलल्या, "काका, बरंच झालं म्हणा. तसंही लोक आत्याबाईला हसत नव्हते, लुगडं नेसलेल्या पुरुषाला हसत होते. आता बाईचं काम बाईच करील." दाजींना काही ऐकू येत नाही, पण हे बरोबर ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात हजर. मी तूरडाळ निवडत बसले होते.

"वैनी, आत्याबाई तुम्ही करा."

"दाजी, मी चौथी शिकलेली. नाटक काय असतंय मला ठाऊक न्हाई."

"म्हणून तर. तुम्हाला येत असतं तर तुम्ही तुमचं केलं असतं. मी सांगतो बिलकुल तसंच करायचं. खरी बाई, खरं लुगडं. अन् सुपारीला हशा आला, तर तो लुगड्याचा न्हाई, माझा."

"अन् न्हाई आला तर?"

दाजींनी माझ्या सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "मग चाळीस वर्षं लोक एका बाप्याच्या लुगड्याला हसले. तसं असलं तर तसं. पण मला एकदा कळू द्या."

मी हो म्हटलं. दया येऊन नव्हे. मला वाटलं, म्हातारी होणं ही काय शिकायची गोष्ट आहे? ती मी कसल्याही तालमीशिवाय झाले होते.

दिग्दर्शकबाईंना बाईच हवी होती, त्यांनी मला लगेच घेतलं. पहिल्या दिवशी दाजींच्या घरी तालमीला गेले. दारातून आत आले, तर म्हणाले, "वैनी, बाई अशी येत न्हाई."

"मग इतकी वर्षं दारातून कोण यायलंय?"

"तुम्ही आलाव. बाई न्हाई आली."

मग त्यांनी येऊन दाखवलं. पायजमा-बंडीतला टक्कल पडलेला म्हातारा बाहेर गेला, उंबऱ्यात पाय ठेवला, आणि मला शपथेवर त्याच्या डोक्यावर दोन घागरी दिसल्या. "डोईवर घागर नसली तरी मानंला तिची याद असती," म्हणाले. वन्सं मेथी निवडत होत्या. मान वर करून बोलल्या, "माझ्यापरीस बरे चालतात बघ." मग बसणं. ट्रंकेवर बसताना मी "आई गं" म्हटलं. खरं तर ते गुडघ्यांनी म्हटलं, मी नाही. दाजींनी लगेच थांबवलं. "दुसऱ्याच्या घरी बसताना बाई कण्हत न्हाई वैनी. ती घरी जाऊन कण्हती." हे अगदी खरं होतं, आणि सत्तरी ओलांडली तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं. सुपारीत तरी मी पक्की आहे असा माझा समज होता. पन्नास वर्षं कातरतेय. तीच मला नडली. "लई झपझप कातरायलाव," दाजी म्हणायचे. "सुपारी कातरायची न्हाई. कातरत कातरत बघायचं. पायाकडं." पायांकडं बघितलं की माझा अडकित्ता थांबे, अडकित्ता चालवला की पाय राहून जात. महिनाभर हेच. मंडळाच्या तालमीत दिग्दर्शकबाई म्हणायच्या, "आजी, किती नैसर्गिक!" त्या काय म्हणाल्या ते दाजी माझ्याकडून समजून घ्यायचे आणि कपाळाला हात लावायचे. नैसर्गिक आत्याबाई त्यांना नकोच होती. ती तर गल्लीत कुठंही मिळते.

नांदेडचा प्रयोग रविवारी दुपारी होता. मुलं, सुना, विहीणबाई, आमची अर्धी गल्ली, सगळे आले. दाजी विंगेत उभे होते. तिथून त्यांना माझी पाठ तेवढी दिसत होती. दुसरा अंक लागला. मी ट्रंक घेऊन आले, मधोमध ठेवली, न कण्हता बसले. इथपर्यंत बरं गेलं. मग सुपारी काढली आणि समोर बघितलं, तर एवढी माणसं. हात घाबरले. घाबरलेले हात जे येतं तेच करतात. त्यांनी अर्ध्या मिनिटात सगळी सुपारी भुगा करून टाकली. पाय बघायचे होते ते आठवलं, म्हणून पाय बघितले, पण जमिनीवर सुई पडल्यासारखे. कुणी हसलं नाही. दाजींची ताकीद होती की हशा येईस्तोवर वाक्य बोलायचं नाही. मी थांबले. पंखे फिरत होते. कुणीतरी पेपरमिंटचा कागद काढला तो सगळ्यांना ऐकू गेला. तिसऱ्या रांगेतून विहीणबाई म्हणाल्या, "विसरल्या वाटतं." हाताशी करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून मी सुपारी तोंडात टाकली. आता माझे वरचे दात माझे नाहीत. सुपारी त्यांच्या आणि हिरडीच्या मधे जाऊन बसली, दात निसटले आणि मी तोंड मिटून बसले. आत्याबाईच्या भावाचं काम करणारे गृहस्थ भले. त्यांना वाटलं सांभाळून घ्यावं. म्हणाले, "आत्याबाई, चहा घेणार का?" मी मान हलवली. शंभर वेळा गाजलेलं वाक्य असं गेलं. शेवटी टाळ्या पडल्या, पण त्या नात्यातल्या होत्या.

मेकअपच्या खोलीत दाजी आले. बाकी काही विचारलं नाही. "आलं का?"

"न्हाई," मी म्हटलं.

"थोडं बी?"

"थोडं बी न्हाई."

ते बरं म्हणाले आणि लुगड्याची घडी घालायला लागले. बाहेर आल्यावर वन्संनी मला झापलं, "हाव म्हणायचं व्हतं. तुझ्या बापाचं काय जायलं व्हतं?" मी म्हटलं, "न्हाई आलं ते न्हाई आलं. मी काय करू?" मला गोड बोलता येत नाही. त्यात मोठेपणा काही नाही, कुणी शिकवलं नाही एवढंच.

पण चार दिवसांनी मला कळलं की दाजी भाजी आणायला जातात आणि सांगेल त्या भावात घेऊन गुमान परत येतात. कोथिंबीरवालीनं घरी येऊन विचारलं, आत्याबाईंची तब्येत बरी हाय ना? व्याही भेटायला आले तर दाजींनी त्यांच्या खांद्याकडं बघितलंसुद्धा नाही. व्याही बिचारे मुद्दाम डावा खांदा पुढं करून बसले होते. लुगडं ट्रंकेत डांबरगोळ्यांत गेलं आणि ट्रंक पलंगाखाली. वन्संना एवढंच म्हणाले, "ती पोरगी खरं बोलली. लोक बाप्यालाच हसायलते." मला वाटत होतं, हशा मी घालवला आणि शिक्षा यांना झाली. पण तसं म्हणायला मी गेले नाही.

तीन आठवड्यांनी लातूरला दुसरा प्रयोग होता. दाजी म्हणाले, "मी न्हाई येत."

मी म्हटलं, "मग मला लुगडं कोण नेसवंल? मी जन्मभर पाचवारी नेसलेली. मधी सुटलं तर लातूरकर हसतील, पण ते हसू तुमचं असंल का माझं, ते मग तुम्हीच ठरवा."

ते आले. एस.टी.त पुढच्या सीटवर बसून झोपले. मागं मी आणि वन्सं. अहमदपूरला गाडी थांबली, आम्ही खाली उतरून चहा घेतला. वन्सं म्हणाल्या, "तुला खरंच कळलं न्हाई का गं, ही आत्याबाई कोण हाय?"

"कोण हाय?"

"आपली आई."

वन्संची आई म्हणजे माझी सासू. बावीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. माजघरात मधोमध धान्याच्या पेटीवर बसायच्या, सुपारी कातरायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सुनांचे पाय बघायच्या. ओले पाय म्हणजे विहिरीवरून आली. धुळीचे म्हणजे शेजारी बोलत उभी होती. कोरडे आणि स्वच्छ म्हणजे बसून होती, आणि ते सगळ्यांत वाईट. सगळ्यांचे बघून झाल्याशिवाय तोंड उघडायच्या नाहीत. वन्सं म्हणाल्या, "हे नवे जावई म्हणून पहिल्यांदा घरी आले, तर आईनं यांचेबी पाय बघितले. चपला मित्राच्या व्हत्या, पायाला लागायलत्या. आई सुपारी कातरत बघत बसली अन् यांना घाम फुटला. ते यांनी जन्मभर केलं." आणि सासूबाईंनी हे नाटक तीनदा पाहिलं होतं. खूप हसल्या होत्या. घरी येऊन म्हणाल्या होत्या, "अशी एक बाई आपल्या गल्लीत हाय. नाव न्हाई सांगत मी."

पुढं चाकूर येईस्तोवर मी खिडकीबाहेर बघत बसले. मला माझीच कमाल वाटली. बावीस वर्षं जी बाई समोर बसली होती, ती नाटकात आली तर मला ओळखू आली नाही. ओळखू येणार कशी? मी मान वर करून तिच्याकडं बघितलंच नव्हतं. मला फक्त माझे पाय ठाऊक होते.

लातूरला दाजींनी दाराबाहेर उभं राहून लुगडं नेसवलं. निऱ्या नऊ. मग विंगेत जाऊन उभे राहिले, यंत्र खिशात. मी ट्रंक ठेवली, बसले, सुपारी काढली. या वेळी मी काहीच केलं नाही. सासूबाई नजरेनं माझ्या पायांवर जशा यायच्या, तशी मी समोरच्यांच्या पायांवर गेले. सावकाश. भावाचे पाय, मुलीचे पाय, जावई होऊ घातलेल्या पोराचे पाय. घरातले पाय संपले, पण अडकित्ता अजून चालू होता, म्हणून मी तशीच पुढं गेले. पहिल्या रांगेत एक बाई चपला काढून आरामात बसल्या होत्या. मी त्यांच्या पायांकडं बघितलं. त्यांनी गडबडीनं पाय खुर्चीखाली ओढले. शेजारचे साहेब, त्यांनीही ओढले. त्यांच्या पलीकडच्या बाईंनी आधीच ओढून घेतले होते. तिथं कुणीतरी फसकन हसलं आणि मग ते मागं मागं गेलं, जिथून माझे डोळे दिसतसुद्धा नव्हते तिथपर्यंत. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी पेटीवर बसलेलं असणार. मी कातरत राहिले. मला हसू येत नव्हतं. सासूबाईंना तिथून काय दिसत असेल ते मला पहिल्यांदा दिसत होतं. तिथून नुसते भ्यालेले पाय दिसतात. मग हसू ओसरलं आणि मी चहाचं वाक्य बोलले. त्यालाही हसले, पण ते लिहिणाऱ्याचं.

पडदा पडल्यावर दाजी समोर येऊन उभे राहिले. माझ्या तोंडाकडं बघत होते. खांद्याकडं नाही. "आलं का?"

"आलं."

वन्सं मधेच म्हणाल्या, "खरं सांगायलीय का बघा. मीच तिला म्हणले व्हते, हाव म्हण म्हणून."

"वैनी खोटं बोलत न्हाईत," दाजी म्हणाले. "नांदेडला बोलल्या न्हाईत." मग विचारलं, "किती आलं?"

आता हसू किती आलं ते कसं सांगावं? त्यांना तर माप लागतं, टेलर माणूस. मी चंची उघडली. हशा सुरू झाला तेव्हा अर्धी सुपारी शिल्लक होती आणि संपला तेव्हा काहीच शिल्लक नव्हतं. ती अर्ध्या सुपारीची कातरण मी त्यांच्या तळहातावर ठेवली. "एवढं कातरून होईस्तोवर."

दाजींनी ती बोटानं पसरून पाहिली. "बारीक कातरली का जाड?"

"तुम्ही शिकवली तशी. बारीक अन् सावकाश."

"मग लई आलं," म्हणाले, आणि रुमालाच्या कोपऱ्यात गाठ मारून ती खिशात ठेवली.

याला आता काही वर्षं झाली. दिग्दर्शकबाई दुसऱ्या गावी गेल्या, मंडळ मोडलं, नाटक बंद पडलं. लुगडं माझ्याकडं आहे. मी घरात आले की सुना पाय आवरून बसतात. मी काही नाटक करत नसते, तरी बसतात. त्या मान खाली घालून बसतात तेव्हा मला वाटतं की म्हणावं, बयांनो, एकदा वर तरी बघा. पण म्हणत नाही. गोड बोलायला अजून कुणी शिकवलेलं नाही.

दाजींना आता गोष्टी आठवत नाहीत. जेवलो का ते वन्संना विचारावं लागतं. व्याह्यांना ते दर खेपेला नव्यानं भेटतात आणि नव्यानं खांद्याबद्दल सांगतात, आणि व्याही दर खेपेला, "अरे वा, बरं झालं सांगितलंत," म्हणतात. मी गेले की मशीनच्या खणातून ती रुमालाची गाठ काढतात, हातात धरून बसतात आणि जरा वेळानं विचारतात, "वैनी, लातूरला आलं व्हतं का?" मी म्हणते, "आलं व्हतं दाजी. लई आलं व्हतं." अख्ख्या नाटकातलं मला आता एक अक्षर आठवत नाही. हे एवढंच वाक्य पाठ राहिलंय, आणि ते मात्र मी कधी चुकत नाही.